बॉल पायथनसाठी घर लावताय? आधी गरम टोक आणि गार टोक समजून घ्या

बॉल पायथन, म्हणजे पाळतात तो छोटा आफ्रिकन अजगर, घ्यायचं ठरलं की जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, टेंपरेचर किती ठेवायचं? आणि उत्तरात एकच आकडा हवा असतो, २८ म्हणा, ३० म्हणा, एकदा सेट केलं की काम झालं. पण असा एक आकडा नाहीये. सापाच्या घरात एका टोकाला ३२ डिग्री हवं, दुसऱ्या टोकाला २५ हवं आणि मधे हळूहळू उतरत जाणारं सगळं हवं, कारण कुठल्या वेळी किती ऊब पाहिजे हे तुम्ही ठरवायचं नसतं, ते तो ठरवतो, तुम्ही फक्त त्याला निवडायला जागा करून द्यायची. एवढं नीट डोक्यात बसलं ना की बॉक्स केवढा घ्यायचा, हीटर कुठे लावायचा, पाण्याचा बाऊल कुठल्या बाजूला, हे सगळं त्यातूनच सुटत जातं.

आपलं शरीर अन्न जाळून आतलं टेंपरेचर ३७ च्या आसपास टिकवतं, बाहेर थंडी असो की ऊन. साप हे करत नाही, त्याची ऊब बाहेरून येते, म्हणून तर त्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदा खाऊन भागतं. पण मग पचन, हालचाल, आजाराशी लढणं, सगळंच बाहेरच्या उबेवर अवलंबून. उंदीर गिळला आणि पोटाला ऊब मिळाली नाही तर तो पचायच्या आधी आत सडायला लागतो आणि साप तो ओकून टाकतो, आणि हे ओकणं त्याच्या तब्येतीला फार महागात पडतं. मोठं भक्ष्य पचवणं हे अजगरांसाठी केवढं काम असतं बघा, बर्मी अजगरांवरच्या अभ्यासात जेवल्यावर दोनेक दिवसांत हृदयाचं वस्तुमान ४० टक्क्यांपर्यंत वाढलेलं दिसलंय. उलट बाजूला, सतत ३५ च्या वर ठेवलं तर त्याला ऊब झटकायचा मार्गच नसतो, घाम येत नाही, फक्त गार जागी सरकता येतं. गार जागाच ठेवली नसेल तर तो भाजत राहणार, दुसरं काय करणार.

आता यात एक गोष्ट जोडा, ती म्हणजे लपणं. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, सेनेगलपासून पार युगांडापर्यंत सापडतो, आणि पाळण्याच्या व्यापारात येणारे जास्त करून घाना, टोगो, बेनिन या भागातले. दिवसा हा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि रात्री बाहेर येतो. बेनिनमधल्या विदाह गावात तर या सापांचं देऊळ आहे, तिथे त्यांना पवित्र मानतात, आणि वारुळाला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या लोकांना ही भावना वेगळी समजावून सांगायला नको. मुद्दा असा की हा साप उघड्यावर बसणारा नाही. अंधार, अरुंद जागा, अंगाला चहूबाजूंनी काहीतरी टेकलेलं, असं असलं की तो निवांत. घाबरला की डोकं मधे घेऊन गोळा होऊन बसतो, पळतसुद्धा नाही.

तर त्याला ऊब पण हवी आणि लपायला पण हवं, आणि आपण बॉक्समधे एकच लपायची जागा ठेवली, समजा गार बाजूला, तर काय होईल? तो तिथेच बसून राहील. ऊब लागत असली तरी बाहेर येणार नाही, कारण त्याच्यासाठी जीव वाचवणं आधी, पचन नंतर. मालकाला वाटतं अरे याला गारच आवडतंय. मग दोन महिन्यांनी तो खायचा बंद झाला की सगळी धावपळ. म्हणून नियम एकच, ऊब आणि आडोसा यातलं एक निवडायची वेळ त्याच्यावर कधीच येता कामा नये. गरम टोकाला एक लपण, गार टोकाला दुसरं लपण, दोन्ही शक्यतो सारखीच दिसणारी, दोन्ही अंगाला घट्ट होतील एवढीच. लोक दुकानातून मोठ्या ऐसपैस गुहा आणतात, त्या आपल्याला छान दिसतात पण सापाला त्या उघड्या हॉलसारख्या वाटतात. वेटोळं घालून बसला की पाठ छताला लागली पाहिजे आणि बाजू भिंतींना, एवढी लहान हवी. आणि मधल्या जागेतही त्याला एका टोकाकडून दुसरीकडे जाताना उघड्यावरून जायला लागू नये, म्हणून सुकी पानं, झाडाच्या सालीचे तुकडे, प्लॅस्टिकची वेल, काहीही चालेल, पण गच्च भरा. रिकामा, चकाचक बॉक्स फोटोत चांगला दिसतो, सापाला नाही.

लपण विकतच घ्यायला पाहिजे असं काही नाही. नर्सरीतली मातीची कुंडी पालथी घालून कडेला दार फोडायचं आणि ती कड पॉलिश पेपरने पूर्ण गुळगुळीत करायची, म्हणजे अंग खरचटत नाही. नारळाची मोठी करवंटी पिल्लाला पुरते. तोंड मात्र पुढे वाढणाऱ्या सापाचा विचार करून ठेवा, जेवून पोट फुगलेलं असताना अडकला तर वाईट.

पुढे जायच्या आधी कायद्याचं बोलून घेतो कारण यात खरंच लोक अडकतात. आपल्याकडचे साप, नाग, घोणस, धामण, मांडूळ, आपला अजगर, यातला एकही घरात ठेवता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहेत, शेतात सापडलेलं धामणीचं पिल्लू मायेनं बरणीत ठेवणं हासुद्धा गुन्हाच. घरात साप निघाला तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा नाहीतर नोंदणी असलेला सर्पमित्र बोलवा. बॉल पायथन परदेशी आहे पण तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि त्यावरचे २०२४ चे नियम यामुळे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. विकणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथून घेऊच नका, कितीही सुंदर रंगाचा असला तरी.

आणि वयाचा विचार करा. नीट ठेवला तर हा २० ते ३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० साली एका बॉल पायथन मादीने अंडी घातली तेव्हा तिचं वय किमान ६२ च्या घरात असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. म्हणजे आज कॉलेजात असताना घेतलेला साप तुमच्या मुलांच्या कॉलेजपर्यंत असू शकतो, तेव्हा घर पण तसंच टिकाऊ बांधा.

बॉक्सचा साइज. मोठा बॉल पायथन साधारण ३ ते ५ फूट होतो, त्याला ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच याच्यापेक्षा लहान घर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बरेच ब्रीडर ड्रॉवरसारख्या प्लॅस्टिकच्या ट्रेमधे ठेवतात, साप तिथे खातो, वाढतो, अंडी घालतो, म्हणून ते म्हणतात बघा खूश आहे. पण साप जागा मिळाली की पूर्ण लांब होऊन पडतो, फांदीवर चढतो, हे मोठ्या बॉक्समधे रात्री दिवा न लावता बघितलं की कळतं. नायजेरियात झालेल्या अभ्यासात लहान नर तर बऱ्यापैकी झाडांवर राहणारे आणि पक्षी खाणारे आढळले होते. त्यामुळे एक जाड, पक्की बसवलेली आडवी फांदी टाका, तो वापरतो. शिवाय लहान डब्यात गरम टोक आणि गार टोक असं काही उरतच नाही, सगळं एकाच टेंपरेचरला येतं, आणि वर म्हटलं तसं निवडायला जागा नसली की सगळं फसलं. पिल्लू मोठ्या बॉक्समधे घाबरतं असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे, ते मोठ्या आणि रिकाम्या बॉक्समधे घाबरतं, भरपूर आडोसा असेल तर काही होत नाही.

काचेचा फिश टँक वर जाळी लावून वापरतात, चालतो, पण सगळी ऊब आणि ओल वरून निघून जाते. त्यापेक्षा आपल्याकडे मॉड्युलर किचनला वापरतात तो पीव्हीसी फोम बोर्ड फार सोयीचा, पाण्याने फुगत नाही, ऊब धरून ठेवतो आणि कुठलाही सुतार त्याचा बॉक्स करून देतो, पुढून सरकणारी काच. दार पुढून असलं पाहिजे, वरून नको, कारण वरून येणारा हात सापाला घारीसारखाच वाटणार. सांधे अॅक्वेरियमच्या सिलिकॉनने भरा, मग वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, चांगले काही दिवस. प्लायवूड वापरायचं तर वॉटरप्रूफ घ्या आणि आतून नीट सील करा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात बुरशी. हवा खेळायला एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर अशी भोकं ठेवली की गरम हवा वरून जाते आणि ताजी खालून येते, आणि त्या भोकांना जाळी लावायची ती बाहेरून, कारण आतली जाळी साप नाकाने घासत बसतो आणि नाक सोलून घेतो.

काचेला लॉक पाहिजेच. एक सेंटीमीटरची फट पिल्लाला पुरते, आणि मोठा साप काच नाकाने ढकलून सरकवतो, त्याला रात्रभर दुसरं काम काय आहे. वायर आत जाते ती भोकंसुद्धा बघा, बहुतेक साप तिथूनच निसटतात.

आता हीटर. ऊब वरून द्यायची की खालून यावर भरपूर वाद ऐकाल. निसर्गात ऊब वरून, उन्हातून येते आणि उन्हाने तापलेल्या जमिनीतून येते, म्हणून वरून गरम करणं मला जास्त पटतं, हॅलोजन बल्ब दिवसा आणि रात्री लागलं तर सिरॅमिक एमिटर, जो उजेड देत नाही नुसता तापतो. खालची हीट मॅट फक्त वरचा पृष्ठभाग तापवते, हवा नाही, आणि तिच्यावर सबस्ट्रेटचा, म्हणजे तळाला अंथरतो त्या भुशा-मातीचा, जाड थर असेल तर उष्णता आत कोंडून मॅट भलतीच तापते. तापणारे दगड मिळतात ते मात्र अजिबात आणू नका. पोट भाजतंय तरी साप त्यावरून उठत नाही अशा केसेस डॉक्टरांकडे नेहमी येतात.

सिरॅमिक एमिटरला होल्डर पोर्सेलिनचाच लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो, आणि भोवती तारेचा पिंजरा लागतो कारण साप बल्बला वेढा घालून बसतो हे खरं आहे. ४ फुटी बॉक्सला साधारण ८० ते १०० वॅट पुरतो. इथे एक काळजी घ्या, थर्मोस्टॅटमधला (टेंपरेचर बघून हीटर चालू-बंद करणारा कंट्रोलर) रिले, म्हणजे आतला स्विच, कधी ना कधी चिकटतो आणि हीटर चालूच राहतो, म्हणून हीटर असा निवडा की तो रात्रभर बंदच झाला नाही तरी बॉक्सचं गार टोक जगण्याइतपत गार राहील. गरज नसताना मोठा वॅट घेऊन थर्मोस्टॅटवर भरवसा टाकू नका.

पण थर्मोस्टॅटशिवाय काहीच लावायचं नाही हेही तितकंच पक्कं. एसटीसी १००० नावाचा जो स्वस्तातला कंट्रोलर सगळीकडे मिळतो तो सिरॅमिक एमिटरला आणि मॅटला चालतो, पण हॅलोजनला त्याच्यावर जोडलं तर बल्ब सारखा बंद-चालू होत राहतो, हॅलोजनला डिमिंग थर्मोस्टॅट हवा, जो बल्ब बंद न करता मंद-प्रखर करतो. एसटीसीला तुम्हाला वायरिंग करायला लागतं, ते कळत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि डब्यात बंद करा, उघड्या वायरी आणि ओलसर बॉक्स एकत्र नको. प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा टेंपरेचर मोजणारा सेन्सर, गरम टोकाच्या लपणाजवळ क्लिप स्क्रूने पक्की करून बसवा. प्रोब सैल असेल आणि सापाने तो ढकलून पाण्याच्या बाऊलमधे टाकला तर थर्मोस्टॅटला वाटतं फार गार आहे आणि तो तापवतच सुटतो. चिकटपट्टीने प्रोब लावायचा विचारही नको, बॉक्सच्या आत कुठलीही टेप नको, सापाच्या अंगाला चिकटली की खवले घेऊनच निघते.

मोजायला दोन डिजिटल मीटर घ्या, एक गरम टोकाला एक गार टोकाला, सापाच्या उंचीवर, वर छताजवळ नाही. तो काटा फिरणारा गोल मीटर टाकून द्या. पृष्ठभाग मोजायला इन्फ्रारेड गन मस्त. आकडे सांगायचे तर गरम लपणात ३१-३२, ऊन शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ३४-३५ पर्यंत चालतो, गार टोक २५-२६, रात्री २३ च्या खाली शक्यतो नको.

इथपर्यंतचं तुम्हाला परदेशी गाइडमधे पण मिळेल. पण ती गाइड इंग्लंड-अमेरिकेच्या घरांसाठी लिहिलेली असतात, जिथे प्रश्न एकच, गरम कसं करायचं. आपल्याकडे वर्षातले तीन महिने प्रश्न उलटा असतो. एप्रिल-मे मधे पुण्यात बाहेर ४०, नागपूर-चंद्रपूरला ४५ च्या आसपास, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी आतच ३७-३८. अशा वेळी हीटर बंद असला तरी आख्खा बॉक्स गरम टोक झालेला असतो आणि गार टोक शिल्लकच नसतं. मला वाटतं आपल्याकडचे साप थंडीने कमी आणि या दिवसांत जास्त हाल सोसतात, कारण मालक निश्चिंत असतो की याला उष्णता आवडते ना. नाही आवडत हो, ३८ नाही आवडत. हा साप घानाच्या उन्हात राहत नाही, घानाच्या जमिनीखाली राहतो.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे जागा. बॉक्स खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीत, जिच्या भिंतीवर पश्चिमेचं ऊन येत नाही तिथे. उन्हाच्या खिडकीजवळ काचेचा बॉक्स कधीच नको, त्यात थेट ऊन आलं की काही मिनिटांत आत चढतं. दुसरं, विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात हवा कोरडी असते म्हणून तिथे साधा कूलर अप्रतिम काम करतो, खोली गार पण होते आणि ओल पण वाढते, सापाला दोन्ही पाहिजेच असतं. मातीची कुंडी पाण्यात भिजवून गार टोकाला ठेवली तर पाणी सुकताना ती आतून चांगली थंड राहते, माठाचंच तत्त्व. मुंबईत आणि कोकणात मात्र हे चालणार नाही कारण हवाच पाण्याने भरलेली, बाष्पीभवन होत नाही, तिथे एसी २६-२७ ला हा खरा उपाय, फक्त एसी हवा कोरडी करतो हे लक्षात ठेवून लपणात ओलसर मॉस (शेवाळ) ठेवायचं. एसटीसी १००० ला हीटिंगबरोबर कूलिंगचाही वेगळा आउटपुट असतो, त्यावर छोटा फॅन लावून गरम हवा बाहेर ओढता येते, पण खोलीतली हवाच ३८ असेल तर फॅन काही करू शकत नाही, म्हणून आधी खोली, मग बॉक्स. लाइट गेली तर फ्रीजरमधली पाण्याची बाटली टॉवेलमधे गुंडाळून बॉक्सच्या गार बाजूला बाहेरून टेकवा.

थंडीत नाशिक, पुणे, महाबळेश्वरकडे रात्री पारा १० च्या खाली जातो आणि तेव्हा लोडशेडिंग झालं तर उलट करायचं, बॉक्सवर गोधडी टाका, हवेची एक बाजू उघडी ठेवून, आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलमधे गुंडाळून आत ठेवा. सिरॅमिक एमिटर घरच्या इन्व्हर्टरवर काही तास सहज चालतो.

आता ओल, म्हणजे ह्युमिडिटी, ज्याचा सगळ्यात जास्त घोळ होतो. बॉल पायथनला ६० ते ८० टक्के हवी. लोक म्हणतात आमच्या खोलीत ६० आहेच की. बरोबर, पण ती खोलीच्या टेंपरेचरला. हवा तापली की तिची पाणी धरायची क्षमता वाढते, पाणी तेवढंच राहतं पण भांडं मोठं होतं, त्यामुळे टक्केवारी पडते. २० डिग्रीच्या खोलीत ६० टक्के असलेली हवा बॉक्सच्या गरम टोकाला ३२ पर्यंत तापली की तीच हवा सुमारे ३० टक्के उरते. म्हणजे डिसेंबरमधे हीटर जोरात चालू आणि सापाची कात तुकड्यातुकड्यात निघतेय, हे त्याचंच कारण. कात अख्खी, मोज्यासारखी उलटी होऊन एकाच तुकड्यात निघाली पाहिजे, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांच्या टोप्यांसकट. तुकडे निघत असतील तर ओल कमी. डोळ्यावरची टोपी राहिली तर नखाने काढायला जाऊ नका, डोळा जाईल, ओल वाढवा आणि पुढच्या कातीची वाट बघा, तरी नाही निघाली तर डॉक्टर.

यावर लोक दिवसातून चार वेळा स्प्रे मारतात. त्याने वरचा थर ओला होतो, तासाभरात सुकतो, आणि साप ओल्यावर बसून पोटाच्या खवल्यांना जखमा करून घेतो. ओल खालून आली पाहिजे. म्हणजे सबस्ट्रेटचा ३-४ इंचाचा थर द्या आणि कोपऱ्यात हळूच पाणी ओता, ते तळाशी बसतं, वरचा थर कोरडा राहतो आणि हवा ओलसर. यासाठी आपल्याकडे नारळासारखं दुसरं काही नाही. नारळाच्या सोडणांचे बारीक तुकडे, नर्सरीत कोको चिप्स म्हणून मिळतात, त्यात कोकोपीट मिसळा. कोकोपीटचा ब्लॉक बादलीत भिजवून दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात मीठ असतं, आणि एकटं सुकं कोकोपीट वापरलं तर बारीक धूळ नाकातोंडात जाते. पाइन आणि देवदारच्या लाकडाचा भुसा नको, त्यातली सुगंधी तेलं फुप्फुसांना वाईट. वर्तमानपत्र आणि टिशू नवीन सापाच्या क्वारंटाइनसाठी ठीक, कायमचं नाही.

मुंबईच्या जुलैमधे मात्र तुम्हाला ओल वाढवायची गरजच नाही, बाहेरच ९०. तिथे हवा कोंडू देऊ नका, भोकं वाढवा, पाण्याचा बाऊल लहान करा, आणि सबस्ट्रेटमधे पांढरी बुरशी दिसली की तो भाग काढून टाका. सगळ्यात धोक्याचं कॉम्बिनेशन म्हणजे ओल जास्त आणि ऊब कमी, त्यातून छातीचा संसर्ग होतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडात बुडबुडे, डोकं वर करून बसणं, असं दिसलं की घरगुती उपाय न करता रेप्टाइल बघणाऱ्या डॉक्टरकडे. असे डॉक्टर आपल्याकडे मोजकेच, म्हणून ते साप आणायच्या आधी शोधून ठेवा.

आपल्या घरातल्या काही गोष्टी परदेशी गाइडमधे नसतातच. डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे, या सगळ्यांत जी औषधं असतात ती सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतात, त्या खोलीत ती वापरूच नका, खिडकीला जाळी बसवा. पेस्ट कंट्रोल असेल तर साप दुसऱ्या घरी न्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत परत आणू नका. धूप, डांबर गोळ्या, फिनेलही त्या खोलीत नको, बॉक्स पुसायला पाणी आणि व्हिनेगर पुरतं. लाल मुंग्या ही खरी भीती आहे, न खाल्लेला उंदीर आत राहिला की त्या रांगेने येतात आणि सापालाही सोडत नाहीत, तेव्हा स्टँडचे पाय पूर्वी दुभत्याच्या कपाटाला ठेवायचे तसे पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आणि बाऊल स्वयंपाकघरातल्या सिंकमधे धुऊ नका, सापांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, हात साबणाने धुवा, घरात लहान मुलं असतील तर जास्तच.

उजेडाचं थोडक्यात. १२ तास उजेड, १२ तास पूर्ण अंधार, रात्री लाल-निळा बल्ब नको. यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, लागतोच असं नाही पण कमी ताकदीची ट्यूब एका बाजूला लावली आणि आडोसा दिला तर चांगलंच.

घर तयार झालं की साप लगेच आणू नका. रिकामा बॉक्स आठवडाभर चालवा आणि मीटरवरचे चोवीस तासांतले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडे रोज लिहा, कारण दुपारी तीनला आणि पहाटे पाचला काय होतं हे तुम्ही जागे राहून बघणार नाही. त्या आठवड्यात गरम टोक ३३ च्या वर गेलं नाही, गार टोक २७ च्या वर चढलं नाही, ओल ६० च्या खाली पडली नाही, तर आणा. आणल्यावर आत ठेवा, काच बंद करा आणि पहिले सात-आठ दिवस पाणी बदलण्यापलीकडे हात घालू नका, घरी आलेल्यांना दाखवायचा मोहसुद्धा आवरा. मग पहिलं खाणं, सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच उंदीर, फ्रोझन असेल तर तो पूर्ण वितळवून कोमट करून, संध्याकाळनंतर, लांब चिमट्याने, लपणाच्या तोंडाशी. याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे गार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. जिवंत उंदीर सोडून निघून जाऊ नका, उंदीर चावून सापाचा डोळा फोडू शकतो. नाही खाल्लं तर उंदीर काढून घ्या, आठ दिवसांनी परत द्या. हे साप थंडीत महिना-दोन महिने सहज उपाशी राहतात, तेव्हा घाबरून रोज उंदीर पुढे करण्यापेक्षा वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा वजन घ्या, वजन टिकून असेल तर काही बिघडलेलं नाही, घटत असेल तर आधी दोन्ही टोकांचे आकडे तपासा. आणि खाल्लं की पुढचे दोन दिवस त्याला उचलू नका, तो स्वतःहून गरम लपणात जाऊन बसेल.